हवामान आराखडे लिहिणाऱ्यांनो, पहिलं प्रकरण पुन्हा लिहा

प्रति,
जिल्हा हवामान कृती आराखड्यांवर काम करणारे अधिकारी, तज्ज्ञ, सल्लागार आणि समिती सदस्य

विषय : आराखड्यातल्या ‘पार्श्वभूमी’ या प्रकरणाबाबत

सप्रेम नमस्कार.

जन्मभर शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. त्यामुळे कुठलाही सरकारी मसुदा हातात आला की मी आधी ‘पार्श्वभूमी’ उघडते. हवामान आराखड्यांत ती बहुधा अर्ध्या पानाची असते. जिल्ह्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो, सरासरी पाऊस अमुक मिलिमीटर, पूर्वापार अवर्षणप्रवण, बहात्तर साली मोठा दुष्काळ पडला होता. झालं. पुढच्या पानावर लगेच २०५० चे आणि २१०० चे रंगीत नकाशे. मागचा आलेख १९०१ ला सुरू होतो, कारण पावसाच्या तयार आकड्यांची फाइल तिथपासूनची. त्याआधी या मुलखात जणू माणसंच राहत नव्हती.

इतिहासाला मान दिला नाही म्हणून मी रुसलेली नाही. पण त्या अर्ध्या पानावर पुढचा सगळा आराखडा उभा राहतो आणि तिथेच तो कलतो. पाऊस कमी झाला की हाल होतात, पाऊस आणखी लहरी होणार, सबब हाल वाढणार, सबब शेततळी, ठिबक आणि जनजागृती. या साखळीत माणसं कुठेच नाहीत. धान्य कोणाच्या पेवात होतं, पाटाच्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, कर्जरोखा कोणाच्या पेटीत, सारा माफ झाला की वसूल, हे तुमच्या मसुद्यात कोणी विचारतच नाही. हवा फिरल्यावर इथे कोण तगलं आणि कोण गाव सोडून गेलं, ते मात्र दर वेळी यावरच ठरत आलं आहे.

दाखले जगभरातून देता येतील. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी जगाच्या बऱ्याच भागांत मोठं कोरडं पर्व आलं. त्याच्या खुणा मेघालयातल्या मॉमलुह गुहेत इतक्या स्पष्ट सापडल्या की भूशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये चालू कालखंडाला ‘मेघालयन’ असंच नाव दिलं. इजिप्तचं जुनं राज्य, अक्कडचं साम्राज्य आणि सिंधू खोऱ्यातली शहरं यांच्या पडझडीशी त्याचा संबंध जोडला जातो, वादही होतात. पण तुम्ही म्हणाल, आमच्या जिल्ह्याशी याचा काय संबंध? म्हणून मी मुद्दाम एकाच जिल्ह्याला धरून बोलते. पुणे जिल्हा. एका दिवसात गाडीने फिरून येता येईल एवढ्याच टापूतले दाखले.

पहिला मुक्काम शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगाव. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मुख्य नावं. १३० हून अधिक घरं उजेडात आली. वस्ती साधारण इसवीसनपूर्व १६०० ते ७००, म्हणजे नऊशे वर्षं एकाच जागी नांदलेलं गाव. आपल्याकडे गावकीचा इतका जुना आणि इतका सलग पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळतो.

मधल्या काळातलं, म्हणजे इ.स.पू. १४०० ते १००० च्या दरम्यानचं इनामगाव डोळ्यांसमोर आणा. कुडाच्या भिंतींची, मातीने लिंपलेली ऐसपैस चौकोनी घरं, ओळीने बांधलेली. घराशेजारी लिंपलेला गोल ओटा, त्यावर चार चपटे दगड, आणि त्या दगडांवर धान्याची कणगी, म्हणजे ओल आणि उंदीर खालून शिरू नयेत. जमिनीत पेवं. पिकांत जव, गहू, मसूर, कुळीथ. गावाच्या कडेने दगडमातीचा बांध आणि घोडच्या पुराचं पाणी वळवून घेणारा पाट. पावसाच्या भरवशावर न राहता रब्बीला पाणी द्यायची सोय या लोकांनी तीन हजार वर्षांपूर्वी केली होती. आणि गावाच्या मध्यावर पाच खोल्यांचं एक मोठं घर, त्याला लागूनच कोठार. उत्खनकांच्या मते ते गावप्रमुखाचं घर. कोठारातलं धान्य गावाकडून गोळा केलेलं, अडीअडचणीला वाटायचं, असा त्यांचा कयास.

त्याच घराच्या आवारात एक दफन सापडलं. कच्च्या मातीचा चार पायांचा मोठा रांजण, त्यात बसवलेला पुरुष. इनामगावात मोठ्या माणसांना पुरताना पाय घोट्यापासून तोडत. का, ते त्यांनाच ठाऊक; मेलेला उठून चालू लागू नये म्हणून असेल. या माणसाचे पाय मात्र शाबूत होते. कोठाराशेजारी राहणाऱ्याला मेल्यावरही वेगळा नियम लागतो, याचा महाराष्ट्रातला इतका जुना पुरावा मला दुसरा माहीत नाही.

इ.स.पू. १००० च्या सुमारास चित्र पालटतं. तापी, प्रवरा आणि गोदावरीच्या खोऱ्यांतल्या याच संस्कृतीच्या वस्त्या ओस पडतात. प्रवरेकाठचं दायमाबादही त्यात आलं, जिथून १९७४ मध्ये काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ मिळाले. भीमेच्या खोऱ्यात इनामगाव टिकून राहतं, पण कसं? चौकोनी घरं जातात, जवळजवळ खेटून उभारलेल्या लहान गोल झोपड्या येतात. मडक्यांची घडण उतरते. गाईबैलांपेक्षा शेळ्यामेंढ्यांचा भर वाढतो, शिकारीच्या जनावरांची हाडं जास्त सापडतात. घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली, आत तान्हं मूल. शेती करणारं गाव अर्धं धनगर, अर्धं शिकारी झालं आणि आणखी तीनेकशे वर्षांनी उठून गेलं.

ढवळीकरांनी याचं कारण कोरडी होत गेलेली हवा असं दिलं. पुढे अमेरिकन अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इथल्या मुलांच्या सांगाड्यांवर काम केलं आणि एकट्या हवामानावर सगळं ढकलण्याला आक्षेप घेतला. हा मुलूख आधीपासूनच कोरडवाहू होता, लोकांनी जगण्याची रीत कशी बदलली आणि त्याची किंमत मुलांच्या वाढीत कशी दिसते ते पाहा, असा त्यांचा रोख. मला हा वाद तुमच्या कामाचा वाटतो. तुमच्या एकाही मसुद्यात ‘हवा की माणसं’ हा प्रश्न मांडलेला नसतो. हवा असं उत्तर आधीच छापलेलं असतं. मी स्वतः ढवळीकरांच्या बाजूला थोडी जास्त झुकते, कारण इतक्या खोऱ्यांतली गावं एकाच सुमारास ओस पडणं निव्वळ योगायोग म्हणवत नाही. पण पाट, बांध आणि कोठार असलेलं इनामगाव इतरांच्या मागे तीनशे वर्षं टिकलं, हे तेही नाकारत नाहीत.

आता उडी मोठी घ्यावी लागेल. चौदावं शतक संपता संपता, १३९६ पासून, दुर्गादेवीचा दुष्काळ. परंपरा म्हणते बारा वर्षं चालला. पूर्वी मीही मुलांना सांगताना ‘परंपरा म्हणते’ यावर जोर द्यायची. पण बस्तरमधल्या दंडक गुहेतल्या चुनखडीच्या लवणस्तंभाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा स्तंभाच्या थराथरांत जड आणि हलक्या ऑक्सिजनचं जे प्रमाण उतरतं, त्यावरून त्या-त्या काळचा पाऊस अजमावता येतो. इ.स. ६०० ते १५०० पर्यंतच्या या नोंदीत चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या पूर्वार्धात मोसमी पाऊस वारंवार अशक्त पडलेला दिसतो. आजीच्या तोंडी राहिलेला दुष्काळ दगडातही उमटलेला निघाला.

पण मला त्या दुष्काळापेक्षा नंतरचा कारभार जास्त मोलाचा वाटतो. गावं इतकी ओसाड झाली की शिवा कोणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. डोंगर-किल्ले स्थानिक पुंडांच्या हाती गेले. १४२९ च्या सुमारास बहमनी दरबाराने घडी बसवायला माणसं पाठवली, त्यांत दादो नरसू काळे आणि दरबारातला एक तुर्की खोजा (षंढ सेवक). त्यांनी काय केलं? जुन्या हद्दी सापडेनात तेव्हा दोन-तीन गावांचं मिळून एक गाव केलं. जो कसेल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा नाही. दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे एक तोबरा धान्य. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधतात ती चंदीची पिशवी. राज्याची वसुली पुन्हा सुरू करायची तर ती घोड्याच्या एका खुराकापासून, हे त्या कारभाऱ्यांना उमगलं होतं. तुमच्या आराखड्यांत आपत्तीनंतरच्या पुनर्वसनाची प्रकरणं लांबलचक असतात. त्यांत पीक बुडाल्यानंतर पहिल्या वर्षी शेतकऱ्याकडून काय मागायचं नाही याची यादी असते का? मला सापडली नाही.

पुढे १६३० ते १६३२. गुजरात-दख्खनमध्ये पावसाने दगा दिला. जगभर तेव्हा हवा बिनसलेली होती, युरोपात तर त्या थंड शतकांना छोटं हिमयुगच म्हणतात. इथे त्यात युद्धाची भर पडली. शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात तळ देऊन बसला होता. मुमताज महल जून १६३१ मध्ये तिथेच वारली. एवढ्या फौजेला रोज दाणागोटा लागतो, आणि दाणे वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे फौज जिकडे तिकडे वळतात. याच सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकली. पाऊस आला असता तरी पुण्याच्या शिवारात पेरायला कोण होतं?

देहू इथून हाकेच्या अंतरावर. तुकोबांची पहिली बायको याच दुष्काळात अन्न अन्न करीत गेली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. घराणं महाजनाचं, दुकानदारी आणि सावकारी चालणारं, तरी ही गत. मग परंपरेप्रमाणे त्यांनी भावाच्या वाट्याचे कर्जरोखे भावाला दिले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत बुडवले. जिल्ह्यातली ही कर्जमाफी धनकोने पदरमोड करून दिलेली. तसा धनको पुन्हा काही झाला नाही.

पुण्याची वस्ती पुन्हा बसली ती शहाजीराजांच्या जहागिरीत, जिजाऊ आणि दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली. सोन्याच्या फाळाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्या फाळामागचा इस्तावा मात्र पाठ्यपुस्तकाबाहेर राहतो. पडीक जमीन उठवणाऱ्याला कौल, म्हणजे सवलतीचा लेखी शब्द द्यायचा, पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यायचा, मग वर्षावर्षाने चढवत पूर्ण दरावर न्यायचा. बी आणि बैलांसाठी तगाई, म्हणजे सरकारी उचल. पेशवाईतही दुष्काळ पडला, लढाई होऊन मुलूख लुटला गेला, की हेच कौल, हाच इस्तावा, हीच सूट. दिलदारपणा यात फारसा नव्हता. रयत परागंदा झाली तर सारा भरणार कोण, हा रोकडा हिशेब.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण एकोणिसाव्या शतकात हा हिशेबच बदलला आणि त्याचे परिणाम आजही आपल्या पाटांतून वाहतात.

कंपनी सरकार आणि नंतर राणीचं सरकार आलं, सारा रोखीत आणि ठरल्या तारखेला. साऱ्यासाठी सावकार, सावकारासाठी कापूस. अमेरिकेतल्या यादवीने कापसाचे भाव चढले, १८६५ मध्ये यादवी संपली आणि कोसळले. त्यातच साऱ्याची फेरआकारणी. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची दुकानं फोडली. मागणी कसली होती? रोखे आणि खातेवह्या द्या. ठिकठिकाणी कागदांच्या होळ्या झाल्या. लक्षात घ्या, तेव्हा दुष्काळ नव्हता. दुष्काळ आला पुढच्या वर्षी, १८७६ मध्ये, प्रशांत महासागरातल्या जबर एल निनोबरोबर. त्याच सुमारास उत्तर चीन आणि ब्राझीलचा ईशान्य भागही करपले. म्हणजे हवेचा तडाखा बसायच्या आधीच शेतकऱ्याच्या अंगावरचे कपडे उतरवून घेतलेले होते.

सरकारी मदतीची तऱ्हा पाहा. रिचर्ड टेंपल यांनी १८७४ मध्ये बिहारच्या टंचाईत सढळ हाताने खर्च केला, माणसं वाचली आणि त्यांच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. मग १८७७ मध्ये दुष्काळाचे खास दूत म्हणून ते आले ते काटकसर सिद्ध करायलाच. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसा. बाईला त्याहून कमी. मुंबई इलाख्यात हजारो मजूर या मजुरीविरुद्ध काम टाकून निघून गेले. पुणे सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी आणि महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने, गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली. सत्यशोधक समाजाने १८७७ मध्ये धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी आश्रम काढला, आणि त्याच्या मदतीसाठी जोतीराव फुल्यांनी पत्रक काढलं. आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी बंडाचा पहिला दरोडा घातला तो धामारीला, इनामगावच्याच शिरूर तालुक्यात. दुष्काळातल्या माणसांची दैना फिरून पाहिल्यावर ते त्या वाटेला लागले होते.

१८८० च्या दुष्काळ आयोगाने शेवटी जे मान्य केलं ते सार्वजनिक सभा आधीपासून सांगत होती. देशात धान्य होतं, रेल्वेने ते आणताही येत होतं, पण मजुरी बुडालेल्या माणसाकडे विकत घ्यायला पैसे नव्हते. त्यातून दुष्काळ संहिता आली, आयोगाच्या आदल्या वर्षी, १८७९ मध्ये, दख्खन शेतकरी कायदा आला होता. आणि कालवे आले. नीरा डावा कालवा दुष्काळी काम म्हणून सुरू झाला आणि १८८५ मध्ये वाहता झाला. हेतू स्वच्छ होता : इंदापूर-बारामतीकडच्या ज्वारी-बाजरीला पाऊस चुकला की पाणी.

पण ज्वारीवाला शेतकरी बऱ्या पावसाच्या वर्षी पाणी घेईना, पाणीपट्टी जमेना, कालवा तोट्यात. मग सासवडचे माळी खाली उतरले, जमिनी खंडाने घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळं पेटवली. बारमाही पाणी घेणारं आणि रोख पट्टी भरणारं गिऱ्हाईक पाटबंधारे खात्याला मिळालं. दुष्काळाच्या विम्यासाठी खणलेला पाट असा उसाचा झाला. त्यातून साखर, साखरेतून सहकार, सहकारातून राज्याचं राजकारण. मी उसाला शिव्या घालणाऱ्यांतली नाही. आमच्या कुटुंबातल्या मुलांची शिक्षणं उसाच्या बिलांवर झाली. पण पिकाखालच्या एकूण जमिनीत इवलासा वाटा असलेलं पीक राज्याच्या सिंचनातलं निम्म्याहून जास्त पाणी का पितं, याचं उत्तर तापमानाच्या नकाशात मिळणार नाही. ते १८८५ नंतरच्या पाणीपट्टीच्या वह्यांत आहे.

जाता जाता शिवाजीनगरच्या शिमला ऑफिसबद्दल. चौकाला आणि बसथांब्याला हेच नाव, पण पुण्यात शिमला कुठून आलं हे रोज तिथे उतरणाऱ्यांना ठाऊक नसतं. हवामान खातं १८७५ मध्ये स्थापन झालं आणि लगेच १८७६ चा दुष्काळ त्याच्या पुढ्यात आला. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हिमालयातल्या बर्फावरून पावसाचे अंदाज बांधू लागले. १८९९ ला जॉन एलियट यांचा अंदाज साफ फसला, पाऊस बुडाला, छप्पन्याचा दुष्काळ पडला. मग १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती आणले गेले. मोसमी पावसाची किल्ली शोधताना त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाची उलटसुलट हेलकावणारी जोडी सापडली. आज एल निनोचा सगळा अभ्यास त्यावर उभा आहे. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं. तुम्ही वापरता ते हवामानशास्त्र या दख्खनच्या भुकेतून जन्मलेलं आहे. तुमच्या पार्श्वभूमीत निदान एवढी एक ओळ तरी हवी.

बहात्तर तुम्ही घेता, पण कसं? ‘पर्जन्यमानात तीव्र घट.’ आमच्या घरातल्या बायका तेव्हा पाझर तलावाच्या कामावर होत्या. ठरल्या मापाचा खड्डा खणायचा, मध्ये मातीचा एक खुंट न खणता ठेवायचा, म्हणजे मोजणी करणाऱ्याला मूळ पातळी कळते आणि किती माती निघाली त्याचा हिशेब लागतो. खुंट रात्रीत ढासळला तर टोळीचा दिवस बुडाला, म्हणून त्याला लहान मुलासारखं जपायचं. मस्टरवर अंगठा, दुपारी सुकडी, घरी तांबड्या मिलोची भाकरी. मे १९७३ मध्ये राज्यात अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. जनावरं मेली, विहिरी आटल्या, कित्येक घरं मुंबईला गेली ती परतली नाहीत. पण १८७७ सारखी माणसं रस्त्याकडेला मेली नाहीत. पाऊस तेव्हाही बुडाला होता, आताही बुडाला होता. फरक मस्टरमध्ये होता. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी १९७७ मध्ये कायद्यात आली, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाली, आणि तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. मुंबईच्या पगारातून पुरंदरच्या बांधाला पैसा, ही तरतूद कुठल्याही उपग्रहापेक्षा मोठी हवामान योजना होती.

आणि पुरंदर म्हटलं की नायगाव. विलासराव साळुंख्यांनी बहात्तरनंतर तिथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीमागे न देता माणसामागे द्यायचं, डोई अर्धा एकर भिजेल इतकं. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. नीरा कालव्यावर शंभर वर्षांपूर्वी जे झालं ते पुन्हा होऊ द्यायचं नाही, अशीच ही कलमं वाटतात. ती चळवळ राज्यभर का पसरली नाही, याचं उत्तर मात्र पर्जन्यमापकात सापडणार नाही.

तर माझं मागणं असं. पहिलं प्रकरण गावनिहाय लिहा. बहात्तर, २०१२-१३ आणि २०१८ या वर्षांत प्रत्येक गावात टँकर कधी सुरू झाला, कोणत्या वस्तीला शेवटी पोचला, किती घरं ऊसतोडीला किंवा शहरात गेली, त्यांतली किती परतली, पाटाचं शेवटचं आवर्तन कोणत्या पिकाला मिळालं. हे आकडे तलाठी कार्यालयात, शाळेच्या हजेरीपटात आणि कालव्याच्या पाटकऱ्याच्या वहीत आहेत. हजेरीपटाचं मी खात्रीने सांगते. दिवाळीनंतर कोणाची मुलं गळतात हे वर्गशिक्षिकेला कुठल्याही निर्देशांकाआधी कळतं.

दुसरं, वसुलीचा इस्तावा आराखड्यात घ्या. पीक बुडाल्याचं जाहीर झालं की पीककर्ज, वीजबिल, पाणीपट्टी यांची मागणी पहिल्या वर्षी किती, दुसऱ्या वर्षी किती, हे आधीच ठरलेलं असू द्या. दर वेळी मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट पाहत शेतकऱ्याने ताटकळायचं आणि निवडणूक जवळ असेल तर नशीब काढायचं, हा कारभार बहमनी काळाच्याही मागचा आहे.

पाण्याच्या वाटपाचं प्रकरण तुम्ही ‘आंतरविभागीय समन्वय’ या मथळ्याखाली गुंडाळता. ते उघडं करा. धरणात निम्मंच पाणी असेल तर आधी कोणाचं तोडायचं, गावाचं, शहराचं, कारखान्याचं की उसाचं, याचा क्रम तुमच्या कागदावर स्पष्ट लिहिलेला दिसू द्या. त्यावर भांडणं होतील. व्हायलाच हवीत, मे महिन्यात पाटाच्या दारावर कुऱ्हाडी घेऊन होण्यापेक्षा ऑगस्टमध्ये ग्रामसभेत झालेली बरी.

आणि हरकती-सूचनांची मुदत पंधरा दिवसांची, तीही ऐन पेरणीत देऊ नका. सुगी झाल्यावर द्या, मराठीत द्या, नकाशांवर गावांची नावं वाचता येतील अशी छापा.

एक शेवटचं. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे कोट्यवधी कागद आहेत. गावांचे ताळेबंद, दुष्काळातल्या सुटी, तगाईच्या याद्या, परागंदा कुळांना परत बोलावणारे कौल. ज्या गावांसाठी तुम्ही २१०० चे अंदाज बांधता, त्यांतल्या अनेकांची अडीचशे वर्षांपूर्वीची वाईट वर्षं तिथे आकड्यांसकट लिहिलेली सापडतील. कागद मोडीत आहेत, आणि तुमच्या सल्लागार कंपन्यांकडे मोडी वाचणारं कोणी असेल असं वाटत नाही. मला वाचता येते, आमच्या ओळखीत आणखी काही जण आहेत. मानधनाची अपेक्षा नाही. बसायला टेबल, उजेड आणि दफ्तर पाहण्याची रीतसर परवानगी एवढी सोय तुम्ही करा. कोणत्या तालुक्यापासून सुरुवात करायची ते कळवा.

आपली,
शिरूर तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका